अर्ध्या टेबलाचा जळफळाट

“बाई, हे टेबल आहे की भिंत?”

आठवी ‘ब’मधल्या जोयाने हा प्रश्न मोठ्या बाईंना विचारला. मोठ्या बाई म्हणजे आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. प्रश्न त्यांनी विचारायचे असतात, त्यांना कोणी विचारायचे नसतात. पण मधल्या सुट्टीत शेफाली आणि दीपाली या तिच्या दोन मैत्रिणींनी पैज लावली होती. “तू फक्त आमच्यासमोर फुशारक्या मारतेस. बाईंना विचारून दाखव, मग मानू तुला!” झालं. जोया ताडकन उठली आणि तिने विचारलं.

मित्रमैत्रिणींनो, तो प्रश्न माझ्याबद्दल होता. आणि खरं सांगू? त्याचं उत्तर मलासुद्धा ठाऊक नव्हतं!

मी एक जुनी, हिरवी, अर्धी बाजू आहे. हसू नका हं! टेबल टेनिसचं टेबल एकसंध नसतं. दोन सारखे भाग शेजारी शेजारी ठेवतात आणि मध्ये जाळी लावतात. जाळीच्या अलीकडची ती मी आणि पलीकडची ती माझी जुळी बहीण. आमची शाळा विश्रांतवाडीच्या पुढे, आळंदी रस्ता सोडून आत आलं की लागते. आता तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टॉवरच टॉवर आहेत, त्यामुळे ती पटकन दिसत नाही. मी तिथे गेले तेव्हा मात्र ती लांबूनच दिसायची, कारण तिच्याभोवती ज्वारी होती.

आमचा जन्म भवानी पेठेतल्या लाकूडबाजारात, सिराजभाई सुतारांच्या कारखान्यात झाला. आमच्या गावातले संपतकाका शेतकरी. त्यांनी रस्त्याकडेचा जमिनीचा पहिला तुकडा विकला आणि त्या आनंदात शाळेला टेबल द्यायचं ठरवलं. फोनवर त्यांनी सिराजभाईंना एवढंच सांगितलं, “शाळेचं हाय. हिरवं करा.” सिराजभाईंनी आयुष्यभर शाळांचे फळे बनवले होते. शाळेचं आणि हिरवं म्हटल्यावर त्यांच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. त्यांनी आम्हा दोघी बहिणींना फळ्याचा रंग फासला!

खेळाचे अनिरुद्ध सर आम्हाला न्यायला आले आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

“अहो सिराजभाई, हा तर फळ्याचा रंग आहे.”

“मग काय झालं सर? शाळेतच चाललंय ना? पोरं खेळतील बी आणि शिकतील बी!”

सर हसले आणि आम्हाला टेंपोत चढवलं. त्या चुकीमुळे आमच्या शाळेत एक गंमत सुरू झाली. गुण लिहायला वही लागायचीच नाही. खडूने माझ्याच कोपऱ्यात लिहायचे आणि सामना संपला की हरणाऱ्याने ते आपल्या बाहीने पुसायचे. दुसऱ्या शाळेतली मुलं खेळायला आली की त्यांचा चेंडू पांढरा पांढरा व्हायचा आणि ती कुरकुर करायची. आमची मुलं म्हणायची, “आमच्याकडे असंच असतं!” काय ऐट होती तेव्हा! आम्हाला स्वतःची खोली होती, तिला खिडकी होती, आणि दारावर ‘क्रीडा कक्ष’ अशी पाटी होती. वर्गात मुलं मोजकीच होती, एका बाकावर दोघं ऐसपैस बसायची आणि मधल्या सुट्टीत आमच्यावर खेळायला नंबर लागायचे. त्या दिवसांत मी कोणावर जळत नव्हते. जळायला वेळ कोणाला होता?

मग ज्वारी गेली. तिच्या जागी पत्रे उभे राहिले, पत्र्यांच्या आत क्रेन उभी राहिली, आणि क्रेन गेली तेव्हा मागे टॉवर उरला. त्याच्या शेजारी दुसरा. त्यांची नावं तरी काय, कशाला ‘रिव्हर’ तर कशाला ‘ग्रीन’. नदी इथून दिसत नाही, आणि हिरवं म्हणाल तर आता शाळेतल्या आम्ही दोघीच!

टॉवरमधली बरीचशी मुलं पिवळ्या बसमध्ये बसून लांबच्या शाळांत जायची. पण टॉवर काय नुसते त्यात राहणाऱ्यांचे असतात? ते रंगवणारे आले, लिफ्ट बसवणारे आले, गेटवर बसणारे, गाड्या धुणारे, पोळ्या करणारे, भाजीची गाडी लावणारे, सगळे आले. त्यांनी गावातल्या खोल्या भाड्याने घेतल्या. आणि प्रत्येकाच्या बोटाला धरून एकेक मूल आमच्या शाळेच्या फाटकाशी आलं. जूनमध्ये आलं, दिवाळीनंतर आलं, परीक्षेच्या तोंडावरसुद्धा आलं. मोठ्या बाई आधी कपाळाला आठ्या घालायच्या आणि मग म्हणायच्या, “घ्या आत. घराजवळच्या शाळेत नाही तर पोरगं जाणार कुठे?”

एका बाकावर दोघांचे तिघं झाले, मग चौघं. चौथ्याचा एक पाय कायम बाहेर. शाळा दोन पाळ्यांत भरायला लागली, मोठे वर्ग सकाळी आणि लहान दुपारी. पाण्याची टाकी मधल्या सुट्टीआधीच तळ दाखवायची. टँकर आधी टॉवरकडे वळायचा आणि उरला वेळ तर आमच्याकडे यायचा. मुलींच्या स्वच्छतागृहापुढची रांग पार जिन्यापर्यंत. वाचनालयात पाचवी बसली, प्रयोगशाळेत सहावी बसली. आणि एके दिवशी आमच्या दारावरची पाटी काढली.

त्या दिवशी आम्हा दोघींना ओढत मोठ्या सभागृहात आणलं. तिथे दोन लोखंडी कपाटं आडवी लावून सभागृहाचे दोन वर्ग करायचे होते. एका बाजूला आठवी ‘अ’, दुसऱ्या बाजूला आठवी ‘ब’. पण दोन कपाटांच्या मध्ये भलीमोठी फट राहत होती आणि मुलं त्यातून एकमेकांना तोंडं वेडावून दाखवत होती. मोठ्या बाईंची नजर माझ्याकडे गेली. माझ्या कोपऱ्यात कुठल्यातरी सामन्याचे गुण खडूने लिहिलेले होते, पुसायचे राहिले होते.

“यावर खडूने लिहिता येतं?” बाईंनी विचारलं.

अनिरुद्ध सर खरं तेच बोलतात. “येतं,” ते म्हणाले.

संपलं! मला उभं करून त्या फटीत घट्ट बसवलं. माझी हिरवी बाजू आठवी ‘ब’चा फळा झाली आणि माझी पाठ आठवी ‘अ’ची भिंत.

आणि माझी बहीण? ऐका, ऐका. तिला व्हरांड्यात नेलं, कार्यालयासमोर. खाली नव्या लाकडी घोड्या लावल्या, वर मखमली कापड घातलं आणि त्यावर फुलदाणी ठेवली! ती झाली प्रवेशाचं टेबल. पालक तिच्यासमोर हात जोडून उभे राहायचे. प्रवेश मिळाला की तिच्यावर पेढ्यांचा बॉक्स उघडायचा. तिला ऊन नाही, खिळा नाही, खडू नाही. मला मात्र ‘पाण्याचा अपव्यय टाळा’ असा तक्ता लावायला चार खिळे, ‘आजचा सुविचार’ला दोन, आणि वेळापत्रकाला तर सेलोटेप, जी काढताना माझा रंगही निघायचा. एकाच लाकडातून आलो, एकाच ब्रशने रंगलो, आणि ती महाराणी, मी भिंत! जळफळाट झाला माझा. दिवसभर मी दारातून तिच्या मखमलीचा कोपरा बघत बसायचे.

बरं, दोन वर्गांच्या मध्ये उभं राहणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगून कळणार नाही. पुढून बीजगणित आणि मागून इतिहास, दोन्ही एकाच वेळी. एकदा पुढच्या बाईंनी विचारलं, “क्ष म्हणजे किती?” आणि मागून सणसणीत उत्तर आलं, “सोळाशे चौऱ्याहत्तर!” दोन्ही वर्ग इतके हसले की कपाटं हलली. मी नाही हसले. माझ्या पाठीला तेव्हा कोणीतरी टेकून बसलं होतं आणि तिच्या हसण्याने माझे खिळे दुखत होते.

ती सोनाली. दिवाळीनंतर आलेली. करमाळ्याकडची. तिचे वडील टॉवरमध्ये रंगकाम करायचे. आठवी ‘अ’मध्ये तिला बाक मिळाला तो अगदी शेवटचा, माझ्या पाठीला चिकटलेला. ती पाठीला पाठ लावून बसायची आणि तिची वेणी माझ्या मागच्या लाकडी पट्टीत अडकायची. मला तिचा रागच यायचा. तिचा म्हणजे, त्या सगळ्यांचा. ही एवढी पोरं आली नसती तर माझी खोली गेली असती का? मी भिंत झाले असते का? असं मी रोज मनातल्या मनात म्हणायचे.

पुढच्या बाजूला होती जोया. तिचे वडील अझीमभाई मार्केट यार्डात फळांचा टेंपो चालवतात आणि आई यास्मिन घरी कपडे शिवते. जोया पाचवीत आली तेव्हा माझ्यावर खेळायला शिकली होती. तिची हनुवटी तेव्हा जेमतेम माझ्या काठाला लागायची. ती माझी होती, मित्रांनो! म्हणजे मी असं समजत होते. फळा पुसायची पाळी आली की ती हळूच हाताने माझ्यावर टकटक करायची, जणू चेंडू उडवतेय.

आणि मग तीच जोया एका सोमवारी वर्गात आली ती उड्या मारतच. शेफालीने तिला आपल्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये नेलं होतं. शेफाली ही त्याच संपतकाकांची मुलगी. उरलेली जमीन बिल्डरला दिली तेव्हा त्यांना टॉवरमध्येच फ्लॅट मिळाले.

“दीपाली, अगं काय टेबल आहे! निळं! चाकं आहेत त्याला! चेंडू असा उडतो ना, असा टण्णकन! आणि एसी!”

“आणि आपलं?” दीपालीने माझ्याकडे बोट केलं.

“आपलं काय,” जोया म्हणाली, “आपलं आता भिंत आहे.”

निळं! चाकं! त्या दिवशी माझ्यावर लिहिलेलं एकही समीकरण मला नीट झेलता आलं नाही, खडू सारखा तुटत होता. बहिणीवर जळायची मला सवय झाली होती. पण हे निळं, गुळगुळीत, कुठून कोण आलेलं, त्याने माझी जोया पळवली! रोज सकाळी ती यायची आणि तिच्या बोलण्यात तेच. मी मनात म्हणायचे, चाकं आहेत ना, जाईल एक दिवस घरंगळत.

टेबल घरंगळलं नाही, पण क्लबहाऊसच्या दारावर सूचना लागली. सोसायटीत आता इतकी कुटुंबं झाली होती की त्यांच्याच मुलांची टेबलासाठी भांडणं होत होती. म्हणून बाहेरच्यांना बंदी. शेफालीला चालेल, जोयाला नाही. जोया रडवेली होऊन आली आणि मला, खोटं कशाला बोलू, आनंद झाला. शेफाली म्हणाली, “मग आपलंच मागू ना परत.” दीपाली म्हणाली, “कोण मागणार? तू?” आणि मग ती पैज लागली, आणि जोया उठली, आणि तिने विचारलं, “बाई, हे टेबल आहे की भिंत?”

मोठ्या बाईंनी चष्मा नाकावर खाली घेतला.

“सध्या भिंत आहे. तुला टेबल हवं असेल तर मला एक भिंत आणून दे आणि टेबल घेऊन जा.”

सगळे हसले. विषय संपला असं सगळ्यांना वाटलं. बाईंनाही. पण जोयाने ते खरंच मनावर घेतलं!

दुसऱ्याच दिवशी तिघी जणी एक लांबलचक गुंडाळी खांद्यावर घेऊन आल्या. संपतकाकांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स! त्यांच्या गोदामात असे पुष्कळ पडून होते. मला बाजूला सरकवून तिघींनी तो दोन कपाटांच्या मध्ये सुतळीने बांधला. गॉगल लावलेले संपतकाका आठवी ‘ब’कडे बघून हसायला लागले.

मोठ्या बाई आल्या. “भिंत आण म्हटलं, तर ही मिरवणूक घेऊन आली,” त्या म्हणाल्या. “उलटा लावा. मागची बाजू तरी गप्प बसेल.”

उलटा लावला. पण पंखा सुरू झाला आणि भिंत फडफडायला लागली. फळा नव्हता, त्यामुळे बीजगणित तोंडी सुरू झालं. तासाच्या मध्येच सुतळी सुटली आणि संपतकाका गॉगलसकट, बघायला थांबलेल्या मोठ्या बाईंच्या डोक्यावर आले. मी कोपऱ्यातून बघत होते. कबूल करते, मला फ्लेक्सचाही हेवा वाटत होता आणि तो पडल्यावर फार बरं वाटलं.

बाईंनी डोक्यावरचा फ्लेक्स बाजूला केला, पदर सारखा केला आणि जोयाकडे पाहिलं. जोया खाली बघत नव्हती.

“खेळायचंच आहे का तुला?”

“हो बाई.”

“सकाळची शाळा सुटल्यापासून दुपारची भरेपर्यंत वेळ आहे. तेवढ्यात टेबल काढा, खेळा आणि परत लावा. दुपारच्या पोरांना त्यांची भिंत जागेवर मिळाली पाहिजे. ” मग त्या गलका ऐकून दारात आलेल्या सरांकडे वळल्या. “अनिरुद्ध सर, ती बाहेरची अर्धीसुद्धा आत आणा. मखमल माझ्या टेबलावर ठेवा.”

मित्रमैत्रिणींनो, किती वर्षांनी आम्ही बहिणी शेजारी शेजारी आलो! मी तिच्याकडे पाहिलं आणि माझा जीव जळाला. कशी तुकतुकीत! एक ओरखडा नाही. आणि मी? खिळ्यांची भोकं, टेपचे पट्टे, जागोजागी पोपडे. जाळी लागली. पहिला चेंडू बहिणीवरून टण्णकन उडाला, माझ्याकडे आला, नेमका भोकावर पडला आणि मेला. तिथेच. उडालाच नाही.

“ई, ही बाजू नको!” शेफाली म्हणाली.

“मला ती!” दीपाली बहिणीच्या बाजूला पळाली.

आणि जोया? जोयासुद्धा तिकडेच गेली. ज्या पोरीसाठी मी झुरले ती बहिणीच्या बाजूला उभी राहिली आणि माझ्या बाजूला कोणीच येईना.

“म्या खेळू का हितं?”

सोनाली. कपाटाआडून डोकावत होती. वर्ग सुटला तरी ती घरी गेली नव्हती. वडील जेवणाच्या सुट्टीत न्यायला येईपर्यंत ती सभागृहातच थांबायची.

“येतं का तुला?” जोयाने विचारलं.

“गावाकडं शाळंत सिमिटाचं टेबल व्हतं. मधी विटा लावायचो. जाळी न्हाय.”

तिघी खुदकन हसल्या. सोनालीने बॅट हातात घेतली. चेंडू आला, माझ्या पोपड्यावर पडला, वाकडा उडाला, आणि सोनालीने तो वाकड्यातच उचलून असा परत पाठवला की जोयाची बॅट जागच्या जागी राहिली. परत आला, भोकावर पडला, जेमतेम बोटभर उठला, तिने तेवढ्यातच खालून काढला. खडबडीत सिमेंटवर शिकलेल्या तिला माझे खड्डे म्हणजे काहीच नव्हते! जिला मी शिव्या घालत होते, जिची वेणी माझ्या पट्टीत अडकायची, तीच एकटी माझ्या अंगावरच्या प्रत्येक खड्ड्याशी नीट वागत होती. मला काय वाटलं ते नाही सांगता येणार. पण त्या दुपारनंतर तिची वेणी अडकली की मी चडफडले नाही.

जळायची पाळी आता जोयाची होती. आणि त्या बाबतीत माझा हात कोणी धरू शकत नाही, त्यामुळे मी लगेच ओळखलं. रोज ती सोनालीकडून हरायची, बाहीने गुण पुसायची, आणि पुसताना माझा उरलेला रंगही घासून काढायची. “नशीब आहे तिचं,” ती शेफालीला म्हणायची. “ती बाजूच तशी आहे. चेंडू कसाही उडतो.”

“मग तू घे ना ती बाजू,” शेफाली म्हणाली.

जोयाने एकदा घेतली. सोनाली बहिणीच्या बाजूला गेली. जोया तरीही हरली.

जूनमध्ये सगळी नववीत गेली. सभागृह तेच, मी तीच, मुलं मात्र आणखी वाढली. आसपासच्या शाळांची स्पर्धा ऑगस्टमध्ये होती आणि आमच्या शाळेतून एकेरीसाठी एकच मुलगी पाठवायची होती; दुहेरीची जोडी अजून ठरली नव्हती. अनिरुद्ध सरांनी नाव जाहीर केलं. सोनाली.

त्या दिवशी जोया माझ्यासमोर उभी राहिली आणि हळू आवाजात बोलली. मला वाटतं, माझ्याशीच. “मी आले तेव्हापासून खेळतेय. ती आत्ता आली. माझी जागा होती ती.”

मला दचकायला झालं. शब्दन् शब्द माझेच होते ते!

अझीमभाई आणि यास्मिन बऱ्याच दिवसांपासून तिला दुसऱ्या शाळेत घालायचं म्हणत होते. कर्वेनगरला तिचे फैझलमामू राहतात. त्यांच्या जवळच्या शाळेत एका वर्गात चाळीसच मुलं, पाणी चोवीस तास, आणि खेळायला चार टेबलं, चारही नवी. जोया इतके दिवस नाही म्हणत होती. आता तिने घरी जाऊन हो म्हटलं.

पुढच्या शनिवारी आईवडील तिचा दाखला न्यायला शाळेत आले. बाहेर व्हरांड्यात प्रवेशाची झुंबड होती. सर्व्हर बंद पडला होता आणि कारकून सांगत होते, “बसा थोडं, चालू झालं की लगेच देतो.” बसणार कुठे? शाळा नुकतीच सुटली होती, म्हणून मोठ्या बाईंनी दोघांना सभागृहात आणलं. टेबल लावलेलं होतं. सोनाली एकटीच चेंडू उडवत होती.

“बाई, आमची शाळेवर काही नाराजी नाही,” अझीमभाई संकोचून म्हणाले. “पण हे बघा ना, एवढ्या गर्दीत पोरगी काय शिकणार?”

“नववीला वर्गात पंच्याहत्तर मुली-मुलं,” यास्मिन म्हणाली. “तुम्हाला तिचं नाव तरी लक्षात राहतं का?”

“ती संपतरावांना माझ्या डोक्यावर पाडते,” मोठ्या बाई म्हणाल्या, “तिचं नाव कसं विसरेन? पण तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. मी अडवणार नाही. तिची जागा रिकामी झाली तर बाहेरच्या रांगेतल्या एकाला देता येईल.” आणि मग त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. “एवढंच वाईट वाटतं की मला कोणीतरी गेल्याशिवाय कोणाला जागा देता येत नाही.”

मला प्रथमच वाटलं, आम्ही सगळे चुकीच्या माणसावर जळतोय. मी सोनालीवर, जोया सोनालीवर, क्लबहाऊसमधली मुलं जोयावर. मित्रांनो, टॉवर बांधताना पार्किंग किती हवं ते मोजतात. लिफ्ट किती, झाडं किती, कारंजं किती, सगळं मोजतात. मग त्या घरांत राहणाऱ्यांची आणि ती घरं बांधणाऱ्यांची मुलं बसणार कुठे, पाणी पिणार कुठलं, खेळणार कशावर, हे आधीच कोणी का मोजत नाही? नव्या मुलांना नावं ठेवू नका. खोल्या मागा. मोठ्याने मागा. आणि जोवर मिळत नाहीत तोवर आम्हा जुन्या वस्तूंना निदान खिळे मारू नका, दोरीने बांधा. आम्हीही कोणाच्या तरी खेळायच्या आहोत.

सर्व्हर काही सुरू होईना. अनिरुद्ध सरांनी एक बॅट जोयाच्या हातात दिली. “जाता जाता एक डाव खेळ. सोनाली, तू जोयाच्याच बाजूला ये. दुहेरी. समोर मी आणि बाई.”

“मी?” मोठ्या बाई म्हणाल्या.

“बाई, कॉलेजात तुम्ही खेळायचात, तुम्हीच सांगितलंय.”

मोठ्या बाईंनी पदर खोचला! दारात उभ्या असलेल्या शेफाली आणि दीपालीने एकमेकींना चिमटे काढले.

दोघी माझ्या बाजूला आल्या. दुहेरीत एकाच जोडीतल्या दोघींनी आळीपाळीने मारायचं असतं. एकीने मारलं की पुढचा चेंडू दुसरीचाच. जोयाला हे माहीत होतं, पण ती हटत नव्हती. तिने मारलं आणि ती तिथेच ठाम उभी राहिली. सोनाली तिच्यावर आपटली, चेंडू खाली. परत तेच. तिसऱ्यांदा दोघींची डोकी एकमेकींवर आदळली.

“अगं, सरक की!” सोनाली कपाळ चोळत म्हणाली. “मारलं की सरकायचं. तू ऱ्हायलीस तर म्या कुठं यिऊ? आन् म्या सरकले की तुलाच जागा हाय.”

जोयाने तिच्याकडे पाहिलं. बाईंचा चेंडू आला, नेमका कोपऱ्यात. जोयाने मारला आणि सरकली. सोनाली त्या रिकाम्या जागेत आली, तिने मारला, सरकली. जोया आली. मारला, सरकली. माझी ती एवढीशी बाजू, खड्ड्यांची, भोकांची. तिच्यासमोर दोघी जणी होत्या आणि दोघींना जागा पुरत होती. चेंडू माझ्या पोपड्यावर पडला, वाकडा उडाला, आणि या वेळी तो जोयाने वाकड्यातच उचलला.

“शाब्बास!” यास्मिन ओरडली आणि मग तिनेच तोंडावर ओढणी धरली.

डाव सर आणि बाईंनी जिंकला. जोया आणि सोनाली दोघींनी मिळून बाहीने गुण पुसले, एकीने सरांचे आणि दुसरीने आपले. पलीकडे माझी बहीण चकाकत होती. चकाकू दे बापडी. थोडी जळले, पण थोडीच.

तेवढ्यात कारकून दारात आले. “सर्व्हर चालू झाला. दाखल्यावर पालकांची सही लागेल.”

अझीमभाई उठले. “चल जोया. मामू वाट बघत असतील.”

जोयाने बॅट खाली ठेवली नाही. ती धापा टाकत होती, तिचे केस कपाळाला चिकटले होते, आणि ती हसत होती.

“अब्बू, सही करू नका. मी कुठेही जात नाहीये. एकेरी सोनाली खेळेल, आणि दुहेरी आम्ही दोघी खेळणार. अम्मी, तू अशी बघू नकोस, गर्दी आहे ते मला माहीत आहे. मला आता सरकता येतं.”